एका नावाखाली दोघं

पाऊस म्हणावा असा पाऊस नव्हता, आणि नाही म्हणावं तर अंगावरची शाल भिजून दुप्पट जड झाली होती. समुद्रावरून चढलेलं धुकं टेकडीच्या खांद्यावर येऊन बसलं होतं, ते उठायचं काही लक्षण दिसेना. स्कॉटलंडच्या उत्तरेला, शेटलंड बेटांवर, जूनमध्ये रात्र अशी होतच नाही. सकाळ नेमकी कधी झाली हे कोंबड्यालाही सांगता आलं नसतं. ओस्लाने गाईचं शेणपाणी, दूध आटोपलं, कालच्या बॅनॉकच्या जाड भाकरीला लोणी फासून ती उभ्याउभ्याच खाल्ली, डालगं पाठीला अडकवलं आणि चालता चालता मोजा विणत ती टेकडीवर निघाली.

मे महिन्यात कापून पसरलेल्या काळ्या जळाऊ मातीच्या विटा आता एका अंगाने सुकल्या होत्या. त्या उचलायच्या, तीन-चार एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, म्हणजे मधून वारा फिरतो आणि हिवाळ्यात चुलीला धूर कमी, धग जास्त. कंबरेचा काटा ढिला करणारं काम. शेजारच्या पट्ट्यात म्हातारी गर्झी वाकली होती. तिची कंबर आता सरळ व्हायचीच बंद झाली होती, त्यामुळे या कामात तिला एक सोय होती असं ती स्वतःच म्हणायची.

"ओस्ले, तुझी कोपऱ्यातली रांग बघ गो. माझ्या दातांसारखी झालीय. एक हाय, एक नाय."

"लॉरीने कापलीय ती. त्याचा हात वाकडा पडतो," ओस्ला म्हणाली. "कोपरा तिरवालच कापतो नीट. त्याला कोपऱ्यातलं जमतं."

गर्झीने पुढची वीट उचलली. स्टेनाव्हो गावात आता यावर कुणीच काही म्हणत नसे.

तिरवालला जाऊन सात वर्षं होत आली होती. युद्ध संपलं आणि बेटावरची निम्मी पोरं देवमाशांच्या शिकारीला दक्षिणेकडे गेली, त्यांत ओस्लाचा हा थोरला. दोन हिवाळे गेला आणि आला. तिसऱ्या खेपेला परतताना जहाज कुठल्याशा बंदरात थांबलं, तो तंबाखू आणायला उतरला आणि चढलाच नाही. त्याची पेटी सोबत्यांनी घरी आणून दिली. एकजण म्हणाला, बाईच्या नादाला लागला. दुसरा म्हणाला, प्यायलेला होता, धक्क्यावरून पडला असणार. तिसऱ्याने सांगितलं, त्याला आम्ही दुसऱ्या जहाजावर दोर ओढताना पाहिलं. तीन तोंडं, तीन गोष्टी. ओस्लाने त्यांतली एकही धरली नाही. तिने फक्त एक गोष्ट केली: तिच्या तोंडात तिरवाल कधी 'होता' झाला नाही. दुकानात गेली की म्हणायची, "ही बिस्किटं नको, तिरवालला ही कोरडी लागतात." छत गळलं की म्हणायची, "तिरवाल बघेल." ज्याला दिवसभर नुसती खारवलेली हेरिंग मासळी चालायची त्याच्या आवडीनिवडी आता दुकानदाराला पाठ झाल्या होत्या.

नावही असं, की बोलण्यात आलं आणि कानावरून निसटून गेलं असं व्हायचं नाही. गावाची बोली इंग्रजीच, तिच्यात मऊ भातासारखी वाक्यं चाललेली असायची आणि मध्येच हा खडा दाताखाली यायचा. नॉर्वेकडून वल्हवत आलेल्या जुन्या नॉर्स लोकांबरोबर ते नाव बेटावर उतरलं, त्यांची भाषा मेली, नाव तेवढं ओस्लाच्या माहेरच्या घराण्यात चिकटून राहिलं. तिच्या बापाचं तेच. बापाच्या आज्याचं तेच. अख्ख्या बेटांवर दुसरा तिरवाल शोधून सापडला नसता. आणि घराण्यात एक कडक रीत होती: एका नावाखाली जिवंत माणूस एकच. मेलेल्याचं नाव नव्या जिवाला द्यायचं, जिवंताचं कधी नाही. दोघं एका नावाखाली आले की नाव एकाला मरणाकडे ढकलून देतं. ओस्लाचा बाप गेला तेव्हा ती पोटुशी होती. बापाला पुरून आले आणि पंधरवड्यात तिरवाल जन्मला. जागा रिकामी झाली, भरली.

आता घरात पुन्हा एक बाळ होतं. धाकटा मुलगा लॉरी आणि त्याची बायको नेट्टा यांचं, पहिलं. मुलगा. दोन महिन्यांचा होत आला तरी त्याला नाव नव्हतं. बाप्तिस्म्याआधी नाव तोंडातून काढायचं नाही. सगळे त्याला 'बारका' म्हणत. आणि तो खरंच बारका होता. दूध प्यायचा, ओकायचा, रडायचा, पुन्हा सुकायचा. नर्सबाई सायकलवरून येऊन बघून गेली, म्हणाली, काही नाही, भरेल.

"कशाने भरेल?" गर्झी टेकडीवरून ओरडली होती तेव्हा. "दुधाने पोट भरतं. नाव नसलेल्या पोराचं अंग भरत नाय."

त्यात लॉरीने न्यूझीलंडची तिकिटं काढली होती. ऑगस्टात निघायचं. तिकडे नेट्टाचा मामा होता, मेंढ्या होत्या, गवत म्हणे कंबरेएवढं. तीन मोठी माणसं आणि एक तान्हं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. तिसरं माणूस म्हणजे ओस्ला. ओस्लाने मात्र काही ठरवलं नव्हतं.

"आई, इथे कोण राहिलंय आता? गर्झी, मॅन्सी आणि कावळे."

"आणि तिरवाल आला की? कुलूप बघून परत फिरेल?"

"आई, तो..." लॉरी दातओठ खाऊन थांबायचा. मग बाहेर जाऊन लाकडावर कुऱ्हाड आपटायचा. त्या बेटावर फोडायला लाकूड म्हणजे समुद्राने वाहून आणलेले ओंडके, तेही त्या महिन्यात संपले.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी ओस्ला लोकर पिंजत बसली होती. नेट्टा बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. ती लरविक शहरातली पोर, पायात चांगले बूट, तोंडात गोड बोलणं. तीन वर्षांत ओस्लाने तिला आवाज चढवताना ऐकलं नव्हतं.

"आई, एक सांगायचंय. रागवू नका."

"तू काय केलंस रागवण्यासारखं?"

"पोटात होता ना हा, तेव्हा... मला स्वप्न पडलं होतं. तुमचे थोरले दारात येऊन उभे होते. टोपी हातात. काही बोलले नाहीत. नुसते बघत होते, माझ्या पोटाकडे."

ओस्लाच्या हातातली लोकर तशीच ताणलेली राहिली.

हे स्वप्न काय असतं ते स्टेनाव्होत सांगावं लागत नसे. पोटुशी बाईच्या स्वप्नात मेलेलं माणूस आलं, की ते नाव मागायला आलेलं असतं. दिलं नाही तर पोर धरत नाही. जिवंत माणूस कधी मागायला येत नाही. त्याला कशाला लागतंय, त्याचं त्याच्याकडे असतं.

"टोपी कुठली?" ओस्लाने विचारलं.

"काळोख होता आई. टोपी एवढंच दिसलं."

"ओला होता?"

नेट्टाने बाळाचं डोकं छातीशी दाबलं. "हो," ती म्हणाली.

ओस्ला उठली, गोठ्यात गेली आणि गाईच्या अंगाला डोकं लावून उभी राहिली. गाईला वाटलं दूध काढायची वेळ झाली, तिने पान्हा सोडला. तो जमिनीवर वाहून गेला आणि ओस्लाला कळलं नाही.

दोन दिवस ती टेकडीवर विटा उभ्या करत राहिली. तिसऱ्या दिवशी बारक्याला ताप भरला, डोळे वर जायला लागले आणि गर्झी दारात येऊन उभी राहिली.

"स्वप्नाचं नेट्टाकडून कळलं मला," ती म्हणाली. "तुझं तोंडपण सांगतंय. ओस्ले, तो आला, उभा राहिला, मागून गेला. तू धरून बसलीस तर ह्याला कोण धरणार? मेल्याबरोबर नाव पुरत नायत गो. जित्याला लागतं."

"मेला म्हणू नको."

"मग काय म्हणू? बरं. नाय म्हणत. पण पोर बघ."

ओस्लाने पोर बघितलं. डोकं एवढंसं, कपाळाच्या शिरा निळ्या. पाळण्याजवळ लॉरी गुडघ्यावर बसला होता, त्याच्या तोंडाकडे तिने बघितलं नाही.

"द्या त्याला," ती म्हणाली. "रविवारी. मीच सांगते पाद्रीबुवांना."

पाद्रीबुवा नवे होते, खालच्या मुलखातले, स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरचे. त्यांनी नाव दोनदा विचारलं. "टोरवाल्ड म्हणायचंय का बाई आपल्याला?"

"तिरवाल म्हणायचंय."

"ख्रिस्ती नावांत असं..."

"ते बाकी सगळ्यांच्या आधी इथे आलं," मागून शेजारचा मॅन्सी म्हणाला. "तुमचं देऊळसुद्धा नंतरचं. म्हणा की."

मग पाण्याचा हात पोराच्या टाळूवर फिरला आणि त्या गुळगुळीत इंग्रजी प्रार्थनेत तो खडा पडला. पोर रडलं नाही. टक लावून बघत राहिलं. ओस्लाने आयुष्यात हजारदा उच्चारलेलं नाव थोरल्यानंतर पहिल्यांदाच दुसऱ्या माणसाच्या अंगावर पडताना ऐकलं.

घरी आल्यावर मात्र पंचाईत झाली. बाप्तिस्म्याचा चहा, आणि ज्याचं प्रेत नाही त्याच्या मातीचाही तोच चहा. धुरावर सुकवलेल्या मटणाचं सूप, भाकऱ्या, लोणी, बाटली. माणसं दारातून आत येताना तोंड कसं करावं याच्यावर अडायची. मॅन्सी ओस्लापुढे टोपी चुरगाळत उभा राहिला.

"अभिनंदन ओस्ला... म्हणजे वाईट झालं. म्हणजे, पोरगं छान आहे. आणि तो पण छान होता."

"मॅन्सी, तू आधी घोट घे," गर्झी म्हणाली, "आणि मग काय ते ठरव."

हसले सगळे. ओस्लाही हसली. आणि मग कुणीतरी तो 'होता' तसाच पुढे चालवला. तिरवाल असा होता, तिरवालने त्या वर्षी होडी कशी उलटवली होती, तिरवाल नाचायला लागला की फिडलवाला कसा घामेजायचा. सात वर्षं दाबून ठेवलेलं बोलणं बांध फुटल्यासारखं वाहायला लागलं. लोक मोकळे झाले होते. किती दिवस बिचारे तिच्यासमोर जीभ आवरून बसले होते, हे तिला त्या दुपारी कळलं.

आणि पोर धरलं. बाप्तिस्म्याच्या आठवड्यातच ताप गेला, दूध टिकायला लागलं, मनगटाला वळ्या पडल्या. जुलै संपता संपता कुणी त्याला बारका म्हटलं असतं तर त्याने लाथ मारली असती. गर्झी येऊन मांड्या दाबून बघायची आणि म्हणायची, "रुचलं गो रुचलं. तुझ्या बापाचं नाव पचायला जड, पण ह्याला रुचलं." ओस्ला त्याला मांडीवर घ्यायची आणि हाक मारायची. तो बघायचा. त्या बघण्यात तिला थोरला दिसायचा असं नाही. हा हाच होता. तेच तर व्हायचं असतं.

"आता काय अडलंय आई?" लॉरी म्हणाला. "आता कुणाची वाट बघायची नाही. चल आमच्याबरोबर."

"येते," ओस्ला म्हणाली. खरंच म्हणाली. गाय कुणाला द्यायची याचं बोलणंही मॅन्सीशी झालं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ती कोबीच्या वाफ्यात होती. दगडी कुंपणाच्या आडोशाला वारा नव्हता. नेट्टा आली आणि काही न बोलता तिच्यासमोर मातीत बसली. चांगल्या बुटांसकट.

"आई, मला काही दिसलं नव्हतं."

"कुठे?"

"स्वप्नात. स्वप्नच नव्हतं पडलं. लॉरी म्हणाला, एवढं सांग. म्हणाला, आई नाहीतर इथेच मरेल, दाराकडे बघत, एकटी. मला वाटलं चांगल्यासाठीच आहे. पण तुम्ही त्या दिवशी गोठ्यात गेलात आणि... मला झोप नाही आई. एवढा समुद्र ओलांडायचाय तुमच्याबरोबर, हे पोटात घेऊन नाही ओलांडता येणार."

ओस्ला एका कोबीच्या पानाखालची गोगलगाय काढत होती. ती तिने काढली. कुंपणापलीकडे टाकली. पुढचं पान उचललं.

तेवढ्या वेळात पहिल्यांदा तिच्या मनात जे आलं ते वीज चमकावी तसं होतं: म्हणजे तो आहे. कुणी मागायला आलं नाही, म्हणजे आहे. कुठेतरी दोर ओढतोय. सात वर्षांची सवय एका श्वासात परत आली, ओठ हललेसुद्धा.

आणि लगेच दुसरं आलं. तो असेल तर दोघं झाले. नाव तर दिलं. पाण्याने दिलं, देवासमोर दिलं, आणि पोराने धरलं. ते आता परत घेता येत नाही. अंगाला लागलेलं नाव सोलून काढायला गेलं की अंग येतं बरोबर. म्हणजे तिने इथे बसून थोरला जिवंत असू दे म्हटलं, तर ती कुणाला ढकलत होती? तिच्या मांडीवर पाय झाडणाऱ्याला. आणि ह्याला आयुष्य मागितलं, तर तिकडे त्या दोराला धरलेले हात सुटत होते.

"आई, काहीतरी बोला. शिव्या द्या."

"तुला कशाला शिव्या?" ओस्ला म्हणाली. "तू सांगितलंस. मी दिलं. हात माझाच होता."

"हे सगळं तर नुसतं म्हणायचं असतं ना? एका नावाखाली दोघं राहिले तर काय होणार आहे? शहरात आमच्या आळीत चार जेम्स आहेत."

"जेम्स असतील," ओस्ला म्हणाली.

संध्याकाळी तिने सांगितलं, मी येत नाही. लॉरी आधी ओरडला, मग रडला, मग त्याने बायकोकडे बघितलं आणि त्याला सगळं कळलं. तो आईच्या पायाशी बसला.

"माझं चुकलं. पण आता तर ये! आता तुला वाट बघायला पुन्हा मोकळीक आहे म्हणून राहतेस का? बघ की तिकडे बसून वाट. तिथेही समुद्र आहे!"

"वाट बघायची नाही म्हणून राहतेय रे बाबा." तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "आईचं मन आहे. मी कितीही म्हटलं तरी ते चोरून वाट बघणारच. मग त्या वेळी तो पोरगा समोर खेळत नसावा. लांब असावा माझ्यापासून, जितका लांब जाईल तेवढा."

लॉरीला ते पटलं नाही. पण तो त्याच घरातला होता, त्याला समजलं. त्याने पुन्हा विचारलं नाही.

लरविकच्या धक्क्यावर मॅन्सीच्या ट्रकमधून सगळे गेले. आगबोट तयार होती, पेट्या चढत होत्या, मेंढ्या ओरडत होत्या. नेट्टाची आई, बहिणी, शेजारणी, सगळ्यांनी पोराला या हातातून त्या हातात फिरवलं. "टेरी! ए टेरी! इकडे बघ रे लबाडा!" असं चाललं होतं. ओस्लाने नेट्टाकडे बघितलं.

"ते आपलं असंच, आई," नेट्टा खाली बघत म्हणाली. "तिकडे मामा म्हणाला, लोकांच्या जिभेला वळणार नाही. शाळेत पोरं चिडवतील. देवळाच्या वहीत आहे तेच आहे. हाक मारायला म्हणून टेरी."

"देवळात आहे ना तेच?"

"तेच."

"मग झालं," ओस्ला म्हणाली. म्हणजे त्या नावाने कुणी हाक मारली नाही तरी अडकलेलं ते अडकलेलंच. तिने पोराला घेतलं. जड झाला होता. तिने त्याच्या कानाशी तोंड नेलं. एकदा, शेवटचं, नीट पूर्ण म्हणावं असं तिच्या मनात होतं. पण ते नाव तोंडात आलं तेव्हा तिला खात्री देता येईना, की आपण हाक नेमकी कुणाला मारतोय. तिने तोंड मिटलं, पोराचा गाल हुंगला आणि त्याला आईकडे दिलं.

भोंगा झाला. लॉरी कठड्याशी टोपी हलवत होता तो दिसेनासा होईतो ती उभी राहिली, कारण सगळे उभे होते.

स्टेनाव्होत त्यानंतर ते नाव कुणी काढलं नाही. लोकांना वाटलं, म्हातारीला लागेल. थोरल्याबद्दल बोलायचं तर 'तुझा तो' म्हणत, नातवाबद्दल विचारायचं तर 'टेरी कसा आहे' म्हणत. दुकानात तिने बिस्किटं मागितली की दुकानदार विचारायचा, "कोरडी?" आणि ती म्हणायची, "कुठलीही दे." दिवसा ठीक असायचं. पण संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी एखादं परकं जहाज दिसायचं, मन पुढे धावायला लागायचं, आणि तिला ते पायाखाली चिरडावं लागायचं, कारण तिकडे कुठल्याशा समुद्रावर तान्ह्या पोराचं जहाज चाललं होतं. थोरल्यासाठी बाळगलेली आशा म्हणजे पोराच्या गळ्यावर ठेवलेला पाय. आणि पोरासाठी देवाला हात जोडायला गेली की हात अर्ध्यावर थांबायचे. शेवटी तिने दोन्ही सोडलं. झोपताना काही म्हणायचं तिने बंद केलं.

ऑगस्टच्या शेवटी एक दिवस वारा नैऋत्येला वळला. गर्झी कुंपणाशी आली.

"ओस्ले, गवत उचललंस का? दुपारपर्यंत ओततोय हा."

"अर्धं राहिलंय."

"पत्र आलं का गो?"

"नाही कुठलं. अजून बोटीतच असतील."

"येईल. टेरी आता..." गर्झी थांबली. तिच्या तोंडात तो शब्द नीट बसला नाही. "पोर बरं असू दे म्हणजे झालं."

ओस्लाने 'असू दे' म्हटलं नाही. तिने गवताचं दाताळं भिंतीवरून काढलं, शाल छातीवर आवळून गाठ मारली आणि पाऊस यायच्या आत खालच्या शेतातलं गवत ओढायला ती उतारावर निघाली.